महापालिकेच्या महासभेनं ठराव केला म्हणजे प्लॉटचा झोन बदलला का?

नाही. एजंट "हिरव्याचा पिवळा झाला", म्हणजे शेती झोनचा रहिवासी झाला, असं सांगत असेल, तर नुसता ठराव बघून विसार देऊ नका. मंजूर विकास आराखड्यातला झोन बदलायचा तर एमआरटीपी म्हणजे महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना कायद्याचं कलम 37 लागतं. म्हणजे ठराव, मग जाहीर नोटीस, महिनाभर हरकती-सूचना, सुनावणी आणि शेवटी राज्य शासनाची मंजुरी. शासनाची अधिसूचना निघेपर्यंत ठराव हा नुसता कागद. महापालिकेच्या नगररचना विभागातून गट नंबर किंवा सि.स.नं. (सिटी सर्व्हे नंबर) देऊन झोन दाखला आणि भाग नकाशा स्वतः काढा. एजंटची झेरॉक्स नको.

कोल्हापुरात खरा घोळ मात्र पूररेषेचा. निळी रेषा साधारण 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल 100 वर्षांतल्या. निळीच्या आत बांधकाम जवळपास बंदच. दोन्हींच्या मध्ये जोतं उंच घेण्यासारख्या अटींवर परवानगी मिळते. आणि पाणी फक्त पंचगंगेच्या काठानं येत नाही, जयंती नाल्याचा फुगवटा पार शाहूपुरीत शिरतो. तिथं कुंभार गल्लीत मावशीचं घर आहे. 2019 च्या पुराची गढूळ रेघ दोनदा रंग दिला तरी स्विचबोर्डच्या वर अजून दिसते. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर 43 फूट धोका पातळी म्हणतात, पण तिच्या घरातली भांडी त्याआधीच माळ्यावर जातात.

प्लॉटवर जाल तेव्हा शेजारच्या घरात विचारा, 2019 आणि 2021 ला पाणी कुठवर आलं होतं. भिंतीवर हात ठेवून दाखवतील.