अमेरिकेत सीपीए व्हायचंय? आधी राज्य ठरवा

सीपीए म्हणजे सर्टिफाइड पब्लिक अकाउंटंट, अमेरिकेतला परवानाधारक लेखापाल. हा परवाना राज्याचं अकाउंटन्सी बोर्ड देतं, नियमही राज्यागणिक बदलतात. परीक्षेची पात्रता वेगळी, परवान्याची वेगळी. गल्लत इथेच होते. अनेक राज्यांत १२० क्रेडिटवर (क्रेडिट म्हणजे कॉलेजातल्या शिक्षणाचं माप) परीक्षेला बसता येतं, पण परवान्याच्या रूढ मार्गात १५० क्रेडिट आणि वर्षभराचा अनुभव लागतो. त्यात अकाउंटिंगचे क्रेडिट किती, तेही मोजा.

पेपर चार: ऑडिट, फायनान्शियल आणि टॅक्स सक्तीचे, चौथा निवडीचा. प्रत्येकात ७५ गुण हवेत, आणि ते टक्के नव्हेत. पहिला पेपर पास झाला की उरलेल्यांची मुदत सुरू होते. ती उलटली तर जुना निकाल बाद. म्हणून फायनान्शियलचा अवाढव्य अभ्यास आधी उरका. अनुभवाच्या दाखल्यावर बहुतेक ठिकाणी परवानाधारक सीपीएची सही लागते. नोकरी धरतानाच ते विचारून घ्या.