जुम्म्याच्या नमाजनंतर ‘दोन शब्द’ चालतील का?
वाचकांचे प्रश्न: अल्पसंख्याक वस्त्यांमधला प्रचार

निवडणूक लागली की पुण्यातल्या कॅम्प, कोंढवा, भवानी पेठ, खडकी या भागांतून आमच्याकडे साधारण सारखेच प्रश्न येतात. त्यातले पाच निवडले आहेत. उत्तरं विधानसभा आणि लोकसभेच्या कायद्यानुसार आहेत. महापालिकेची निवडणूक राज्य निवडणूक आयोग घेतो. तिची यंत्रणा वेगळी असते, त्यामुळे गरज पडेल तिथे तसं सांगितलं आहे.

प्रश्न: मी एका उमेदवाराचं काम करतो. अल्पसंख्याक समाजांच्या सगळ्या प्रमुखांना भेटून झालं, शाली झाल्या, फोटो झाले. तरी बूथवर मतं दिसतील याची खात्री वाटत नाही. काय राहिलं? (कार्यकर्ता, कॅम्प)

मतदार राहिले. प्रमुखांची भेट घेणं गैर नाही, पण त्यांच्या खिशात कुणाची मतं नसतात. शिवाय ‘अल्पसंख्याक’ हा एक गठ्ठा नाही. केंद्राच्या यादीत मुस्लिम, ख्रिश्चन, शीख, बौद्ध, पारशी आणि जैन असे सहा समाज आहेत. जैन त्यात 2014 साली आले. ज्यूंना महाराष्ट्र सरकारने 2016 मध्ये हा दर्जा दिला. बिबवेवाडीच्या जैन व्यापाऱ्याची आणि काशेवाडीतल्या मुस्लिम रिक्षाचालकाची गाऱ्हाणी एकच कशी असतील?

दुसरी चूक कार्यालयात होते. मतदार यादी समोर घेऊन आडनावावरून खुणा केल्या जातात. शेख, पठाण, तांबोळी इथपर्यंत ठीक चालतं. पण इनामदार आणि देशमुख मुस्लिमांतही आहेत आणि हिंदूंतही. गायकवाड, साळवे, जाधव ही आडनावं मराठी ख्रिश्चनांतही आहेत, बौद्धांतही आणि हिंदूंतही. पेणकर बेने इस्रायली, म्हणजे मराठी ज्यू, असू शकतात. अशा खुणांवरून वाटलेलं पत्रक चुकीच्या दारात जातं आणि हसं होतं. माणसांना धर्मानुसार टिपून ठेवणं आम्हाला मुळातच पटत नाही, पण तो मुद्दा बाजूला ठेवला तरी ही पद्धत चालत नाही.

त्याऐवजी यादी भागानुसार हातात घ्या आणि दारोदार फिरून तीन गोष्टी तपासा: कोण इथे राहत नाही, कोण वारलं, कोण नव्याने आलं. कॅम्प आणि पेठांतल्या जुन्या वाड्यांतून अनेक कुटुंबं कोंढव्याला गेली आहेत. त्यांचं नाव कॅम्पच्या यादीत आणि राहणं हडपसर मतदारसंघात, असं होतं. पत्ता बदलायला आणि नावातली चूक सुधारायला फॉर्म 8, नव्या नावासाठी फॉर्म 6 आणि नाव वगळायला फॉर्म 7 आहे. अर्ज बीएलओकडे (मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्याकडे) किंवा केंद्रीय निवडणूक आयोगाच्या मतदार पोर्टलवर ज्याचा त्याने करायचा. कार्यकर्त्याने नेलेला अर्जांचा गठ्ठा परत येतो. उमेदवारी अर्जांची मुदत संपण्याच्या निदान दहा दिवस आधी हे उरका. त्यानंतर दिलेला अर्ज या निवडणुकीच्या उपयोगाचा नाही.

मोहंमद, मोहम्मद, मो. अशी एकाच माणसाची तीन रूपं यादीत सापडतात. ओळख पटत असेल तर स्पेलिंगच्या किरकोळ फरकावरून मत नाकारता येत नाही. ही माहिती मतदाराला आधीच द्या, कारण बूथवरून माघारी गेलेला माणूस सहसा दुसऱ्यांदा येत नाही.

प्रश्न: उमेदवाराला जुम्म्याच्या नमाजनंतर मशिदीत दोन शब्द बोलायचे आहेत. ‘प्रचार नाही, फक्त सलाम करणार’ असं सांगतात. परवानगी द्यावी का? (विश्वस्त, कोंढवा)

देऊ नये. इथे उमेदवारापेक्षा तुम्हाला जास्त धोका आहे. आचारसंहिता प्रार्थनास्थळाचा वापर प्रचारासाठी करू देत नाही, हे बहुतेकांना ठाऊक असतं. पण 1988 चा धार्मिक संस्थांचा दुरुपयोग रोखणारा केंद्रीय कायदा बारा महिने लागू असतो आणि तो थेट व्यवस्थापकाला धरतो. शिक्षा पाच वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजार रुपयांपर्यंत दंड. दोषी ठरलेल्या व्यवस्थापकाला सहा वर्षं कुठल्याही धार्मिक संस्थेत पद घेता येत नाही. संस्थेच्या ताब्यातली इतर जागाही यात येते, म्हणून ‘मशिदीत नको, शेजारच्या आपल्या हॉलमध्ये घेऊ’ ही पळवाट चालत नाही. हेच देऊळ, चर्च, गुरुद्वारा, विहार आणि जैन स्थानकाला लागू.

उमेदवार नमाजला किंवा चर्चमधल्या मिस्साला (प्रार्थनेला) आला, बसला आणि गेला, तर त्याला कुणी अडवू शकत नाही. माइक हातात आला की मामला बदलतो. संस्थेच्या लेटरहेडवर पाठिंब्याचं पत्र देऊ नका, संस्थेच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर पत्रक टाकू नका. तुम्हाला वैयक्तिक पाठिंबा द्यायचा असेल तर पद न लिहिता द्या.

सभा हवीच असेल तर उमेदवाराने खासगी मंगल कार्यालय घ्यावं किंवा मैदानाची परवानगी काढावी. अर्ज कार्यक्रमाच्या 48 तास आधी गेला पाहिजे. रात्री दहा ते सकाळी सहा लाउडस्पीकर बंद. आणि बोलताना एक पथ्य: ‘आपल्या धर्माच्या माणसाला मत द्या’ हे तर चालतच नाही, पण ‘तुम्ही अमुक धर्माचे आहात म्हणून मला मत द्या’ हेही भ्रष्ट आचरण आहे. 2 जानेवारी 2017 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींच्या पीठाने चार विरुद्ध तीन मतांनी हा अर्थ पक्का केला. आधी फक्त उमेदवाराचा धर्म पाहिला जाई, आता मतदाराचाही पाहिला जातो. निवडून आल्यावर 45 दिवसांत उच्च न्यायालयात याचिका होऊ शकते आणि आमदारकी जाऊ शकते. समाजाच्या अडचणींबद्दल बोलायला मात्र बंदी नाही. शिष्यवृत्ती, दफनभूमी, भाड्याने घर नाकारलं जाणं, यावर खुशाल बोलावं.

प्रश्न: पत्रक उर्दूत छापावं का?

वस्ती पाहून. उर्दू शाळांच्या परिसरात जरूर छापा. पण घरात उर्दू बोलणारी पुण्यातली कितीतरी तरुण मंडळी मराठी किंवा इंग्रजी माध्यमात शिकलेली आहेत, त्यांना ती लिपी वाचता येत नाही. खडकी-घोरपडीत तमिळ बोलणारे ख्रिश्चन भेटतील, तर मराठी ख्रिश्चनांना इंग्रजी पत्रक दिलेलं आवडत नाही. मशीनचा अनुवाद जाणकाराने वाचल्याशिवाय छापायला देऊ नका. भाषा कुठलीही असो, मुद्रक आणि प्रकाशक यांची नावं-पत्ते पत्रकावर हवेतच. प्रकाशकाने त्याला ओळखणाऱ्या दोघांच्या साक्षीने दिलेलं घोषणापत्र छापखान्याला आधी लागतं. हे चुकलं तर सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. प्रार्थनास्थळाचा फोटो पत्रकावर नको.

प्रश्न: एक उमेदवार दफनभूमीला जागा देतो म्हणतो, दुसरा पाच टक्के आरक्षण. कुणावर विश्वास ठेवावा? (वाचक, भवानी पेठ)

आधी अधिकार कुणाचा ते पाहा. दफनभूमी आणि स्मशानभूमी हे महापालिकेचं बंधनकारक काम आहे, उपकार नव्हे. म्हणून ‘जागा देतो’ म्हणणाऱ्याला विचारा: सर्व्हे नंबर कोणता, किती गुंठे, विकास आराखड्यात आरक्षण आहे का, ताबा कुणाकडे? या चारही गोष्टी कागदावर दाखवता येतात. दाखवत नसेल तर ते भाषण समजा. आमदार निधीतून भिंत, दिवे, रस्ता होईल, पण जमीन संपादन हे वेगळंच प्रकरण आहे. आणि तुमचा पत्ता कॅन्टोन्मेंट बोर्डाच्या हद्दीत असेल तर महापालिकेचं आश्वासन तिथे लागूच होत नाही, कारण बोर्ड संरक्षण मंत्रालयाच्या अखत्यारीत येतं. या एका रेषेवर पुण्यात बरीच आश्वासनं अडकतात.

पाच टक्के आरक्षणाचा विषय राज्याचा आहे. जुलै 2014 मध्ये काही मुस्लिम समाजघटकांसाठी पाच टक्क्यांचा अध्यादेश निघाला होता. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये उच्च न्यायालयाने नोकऱ्यांतल्या आरक्षणाला स्थगिती दिली आणि शिक्षणातलं चालू ठेवलं. पुढे त्याचा कायदा झाला नाही आणि अध्यादेश संपला. तेव्हा नगरसेवकपदाचा उमेदवार हे देऊ शकत नाही. आमदारकीच्या उमेदवाराला विचारावं की पक्षाच्या जाहीरनाम्यात ते लिहिलेलं आहे का.

आता रमजानच्या किटबद्दल, कारण याच पत्रात तेही विचारलं आहे. मतासाठी शिधा घेणं हाही गुन्हा आहे, देणारा एकटाच अडकत नाही. एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. स्वतःच्या घरी, स्वतःच्या खर्चाने कुणी इफ्तार दिला तर हरकत नाही, सरकारी खर्चाने मात्र नाही. मतासाठी जेवणावळ घातली तर तीही लाच, फक्त तिला शिक्षा दंडाची आहे. विधानसभा-लोकसभेला असं काही दिसलं तर केंद्रीय निवडणूक आयोगाच्या सी-व्हिजिल या तक्रारीच्या अॅपमधूनच फोटो काढा. गॅलरीतला जुना फोटो तिथे चढत नाही. महापालिकेच्या निवडणुकीत तक्रार आचारसंहिता पथकाकडे करा.

प्रश्न: बुरख्यामुळे मागच्या वेळी बूथवर वाद झाला. नियम काय? (गृहिणी, कोंढवा)

बुरखा घालून मतदानाला जायला मनाई नाही, पण चेहऱ्यावरून ओळख पटवावी लागते. ती महिला कर्मचाऱ्याने, आडोशाला पटवायची असते. पडदानशीन (पडदा पाळणाऱ्या) मतदार जास्त असतील तिथे महिला अधिकारी नेमायच्या असतात. मतदानाच्या दिवशी वाद घालण्यापेक्षा उमेदवाराच्या प्रतिनिधीने आठवडाभर आधी निवडणूक निर्णय अधिकाऱ्याला बूथ क्रमांकांसह लेखी कळवावं. पोलिंग एजंटला ओळखीवर आक्षेप घेता येतो, पण त्यासाठी त्याने दोन रुपये जमा करायचे आणि केंद्राध्यक्षाने तिथल्या तिथे चौकशी करून निर्णय द्यायचा. एजंटला स्वतः चेहरा पाहण्याचा हट्ट धरता येत नाही.

तुमच्या नावावर आधीच कुणी मत देऊन गेलं असेल तर परत फिरू नका. ओळख पटवून प्रदत्त मतपत्रिका (टेंडर्ड बॅलट) मागा. ती यंत्रात जात नाही, वेगळ्या पाकिटात राहते आणि न्यायालयाने सांगितलं तरच मोजली जाते.