केस पेपरवर कामाचं नाव लिहून घ्या

ताई, तुमच्या भावाचं वाचलं. चामड्याच्या बॅगांच्या कारखान्यात चार वर्षं, सुट्टीत हात बरे, कामावर गेला की पुन्हा भेगा, आणि डॉक्टर गजकर्णाचं मलम देतायत. अगदी माझीच कथा. भवानी पेठेत एका गाळ्यात मी नऊ वर्षं चामड्याचं कटिंग-पेस्टिंग केलंय.

हातमोजे घालणं, हवा खेळती ठेवणं वगैरे तुम्हाला ठाऊकच असेल. फक्त कातड्याचे हातमोजे देऊ नका. ते बहुतेक क्रोमनेच (क्रोमियमच्या रसायनानं) कमावलेले असतात, ॲलर्जी क्रोमची असली तर हात जास्तच पेटतात. हाताला लागलेलं सोल्यूशन (चामडं चिकटवायचा गोंद) तो थिनरने पुसत असेल तर ते आजच बंद करायला सांगा.

मला नडलं ते वेगळंच. दीड वर्ष जिथं गेलो तिथं मी "खाज येते" एवढंच सांगितलं. केस पेपरवर 'इसब' लिहिलं गेलं. काम काय करतोस हे कुणी विचारलं नाही, मीही बोललो नाही. शेवटी एका डॉक्टर बाईंनी पॅच टेस्ट, म्हणजे कातडीवर ॲलर्जीची तपासणी केली. पाठीवर 48 तास पट्ट्या, आणि पोटॅशियम डायक्रोमेटची, म्हणजे क्रोमच्या रसायनाची जागा लालभडक. मग भरपाई मागायला गेलो, तर त्या कार्यालयात जुने कागद चाळून म्हणाले, "यात चामडं कुठंय?" दर चकरेला एक खाडा. 1923 च्या भरपाई कायद्याच्या यादीत क्रोमियमचे आजार होते, कामामुळे होणारा त्वचारोगही होता. सलग सहा महिने ते काम केलं असेल तर उलट सिद्ध होईपर्यंत आजार कामामुळेच झाला असं धरायचे. तिथल्या एकानंही हे सांगितलं नाही. अर्जाची मुदत दोन वर्षं, ती चकरांतच गेली. अजून आठवलं की संताप होतो.

म्हणून उद्याच केस पेपरवर 'चामडं, सोल्यूशन, किती वर्षं' हे डॉक्टरांकडून लिहून घ्या. मागे लागून घ्या, लाजू नका.

मी डॉक्टर नाही, वकीलही नाही. आता 2020 ची सामाजिक सुरक्षा संहिता आलीय, मुदत जाणत्या माणसाला विचारा. आमच्या गाळ्यात सहाच माणसं, ईएसआय (कामगारांचा सरकारी विमा) नव्हतं. भावाच्या पगारातून कापत असतील तर अर्ज तिकडे करावा लागेल.

आणि पायाच्या बोटांना मुंग्या किंवा बधिरपणा आहे का, विचाराच. काही सोल्यूशनमध्ये हेक्झेन नावाचं रसायन असतं, त्यानं नसा जातात. तसं असेल तर त्वचेच्या डॉक्टरवर थांबू नका, मेंदू-नसांच्या डॉक्टरांना दाखवा, आणि जाताना डब्यावरच्या लेबलचा फोटो न्या.