मांजरांना पुठ्ठ्याचे खोके एवढे का आवडतात?

तुम्ही विचारलंय की खोका रिकामा झाला रे झाला की तुमची माऊ आत जाऊन बसते, हे असं का. आमच्याकडेही हेच चालतं, म्हणून लिहितो.

आमचा बोका मूळचा रस्त्यावरचा. घरी आणला त्या रात्री जो फ्रिजच्या मागे शिरला, तो दुसरा दिवस मावळला तरी बाहेर यायला तयार नाही. सुकट ठेवली, चुचकारलं, ढिम्म. शेवटी बायकोने मिक्सरचा रिकामा खोका तिथेच आडवा करून ठेवला. रात्री पाणी प्यायला उठलो तर स्वारी खोक्यात! पाठ पुठ्ठ्याला टेकलेली, तोंड उघड्या बाजूला, आणि सुकटीची वाटी चाटूनपुसून साफ.

माझ्या मते खरं कारण तेच. मांजर शिकारी असलं तरी जीव लहान, रानात त्याचीही शिकार होते. खोक्यात मागून कोणी येऊ शकत नाही आणि समोरून येणारा आधी दिसतो. शिवाय दबा धरायला याहून बरी जागा कुठली? आमच्या पायाच्या अंगठ्यांना विचारा.

नेदरलँड्समधल्या उट्रेख्ट विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१४ साली हे तपासलं होतं. निवारागृहात नव्याने आलेल्या १९ मांजरांपैकी १० जणांना लपायला खोका दिला, ९ जणांना नाही. खोकेवाली तिसऱ्या दिवशीच इतरांपेक्षा बरीच निवांत दिसली.

पुठ्ठ्याची ऊब हेही कारण सांगतात. चुकीचं नाही. मांजराला साधारण ३० ते ३८ अंशांत बरं वाटतं, म्हणजे आपल्याला घाम फुटतो तिथे ते खुशीत. पुठ्ठ्याच्या नळीदार थरात हवा अडकते, त्यामुळे आत बसलेल्याच्या अंगची ऊब टिकते. पण नुसती ऊबच हवी असती तर आमचा बोका ऐन मे महिन्यात, नाशिकच्या उकाड्यात, हापूसच्या पेटीतल्या पेंढ्यावर कशाला पसरला असता? (आंबे काढून घेतले होते. बहुतेक सगळे.)

आता एक गोष्ट मात्र माझ्या मांडणीत बसत नाही. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात लोकांनी आपापल्या घरी जमिनीवर कागदी आकार मांडले. काही मांडण्यांत चौकोन नव्हताच, फक्त चार कापलेल्या चकत्यांमुळे चौकोनाचा भास होत होता. तर काही मांजरं त्या भासातही जाऊन बसली! प्रयोग पूर्ण केलेली मांजरं जेमतेम ३०, तेव्हा फार ताणायला नको. पण भिंत नाही, आडोसा नाही, तरी बसायचं म्हणजे कमाल आहे.

तुमच्या माऊला खोका देताना स्टेपलच्या पिना आणि चिकटपट्टी तेवढी काढा. ती आत असताना ओढून बाहेर काढू नका, पाहुण्यांची लहान मुलं आली असतील तर मुळीच नाही. आमच्या पुतण्याने एकदा तो प्रयोग केला. ओरखडे आठवडाभर होते, आणि बोका त्यानंतर परत फ्रिजमागे.