डोक्यावरचे जातायत, दाढीचे वाढतायत

"ताई, वय २७, राहायला कासारवडवली, नोकरी ऐरोलीला. दोन वर्षांत कपाळ मागे सरकत चाललंय, भोवऱ्याजवळ टाळू दिसते, पण दाढी रोज करावी लागते आणि छातीवर नुसतं जंगल. आई म्हणते टँकरच्या पाण्याने होतंय, जिममधला दादा म्हणतो तुझं टेस्टोस्टेरॉन ओव्हर झालंय. शनिवारी संध्याकाळी तलावपाळीला एका मुलीला दुसऱ्यांदा भेटायचंय, पहिल्यांदा कॅप घालून गेलो होतो. परत घालू का? – टोपीवाला"

टोपीवाल्या, आधी त्या जिमच्या दादाचं बघू, कारण त्याचं अर्धं बरोबर आहे आणि अशीच माणसं जास्त गोत्यात आणतात. पुरुषी हार्मोनचा संबंध आहेच, पण तुझ्या अंगात ते जास्त झालंय असं नाही, दाट केसवाल्या मित्राचंही तेवढंच निघेल. होतं काय, टेस्टोस्टेरॉनपासून शरीरात डीएचटी नावाचं आणखी जोरकस हार्मोन बनतं आणि काहींच्या पुढच्या नि भोवऱ्याच्या केसांची मुळं जन्मतःच त्याच्या बाबतीत हळवी असतात, मग दर खेपेला जुना केस गळून नवा आला की तो आधीपेक्षा बारीक, आखूड, आणि शेवटी नुसती लव उरते. गंमत म्हणजे हीच हार्मोन्स हनुवटीवरच्या लवेचा राठ केस करतात. मानेजवळच्या मुळांना मात्र फारसा फरक पडत नाही, म्हणून ट्रान्सप्लांटमध्ये तिथले उचलून पुढे लावतात आणि ते नव्या जागीही आपला स्वभाव सोडत नाहीत (सासरी येऊन ३० वर्षं झाली तरी मी सोडलेला नाही, तसंच).

१९४२ साली जेम्स हॅमिल्टन या अमेरिकन संशोधकाने दाखवलं होतं की वयात यायच्या आधीच ज्यांचे अंडकोष गेले त्यांना टक्कल पडत नाही, पण त्यांना टेस्टोस्टेरॉन दिलं की ज्यांच्या घराण्यात टक्कल आहे त्यांचे केस जायला लागतात. म्हणजे हार्मोनही लागतं आणि घराणंही. त्यातला एक महत्त्वाचा जीन आईकडून येतो, तेव्हा टँकरला शिव्या घालणाऱ्या आईला मामाचा फोटो दाखवून बघ, अर्थात बाबांकडचंही येतंच. खाऱ्या पाण्याने केस राठ होतात, तुटतात, पण असं टक्कल नाही पडत.

माझ्या भावाने वर्षभर कांद्याचा रस चोळला. केस आले नाहीत, ट्रान्सहार्बर लोकलला बाजूची सीट मात्र कायम रिकामी.

तू सरळ स्किनच्या डॉक्टरकडे जा. गोल चट्टा पडला असेल तर ती चाई, डेंग्यू-टायफॉइडनंतर दोन-तीन महिन्यांनी सगळीकडून गळतात ते वेगळं, हे ते बघून सांगतील. मिनॉक्सिडिल लावायला देतील, ही मुळात बीपीची गोळी, खाणाऱ्यांच्या अंगावर केस यायला लागले तेव्हा तिचा हा गुण कळला. सुरुवातीला काही आठवडे केस उलट जास्त गळू शकतात, घाबरून सोडू नकोस. फिनास्टेराइड डीएचटी बनणंच कमी करते, पण काहींना सेक्सची इच्छा कमी होणं, मूड जाणं असले त्रास होतात, त्यामुळे मेडिकलमधून स्वतःच आणून खायची नाही. दोन्हींचा फरक दिसायला तीन ते सहा महिने, कधी जास्तही, आणि बंद केलं की गाडी परत पहिल्या स्टेशनवर. जिममध्ये कुणी इंजेक्शन घे म्हणालं तर अजिबात नाही, हळवी मुळं अजून लवकर जातील आणि पुढे बाप व्हायलाही त्रास.

राहिली कॅप. अरे, संध्याकाळी सात वाजता तलावपाळीला कॅप घालून बसलेला मुलगा बघून तिला काय कळलं नसेल? आणि तरी ती परत येतेय. नसेलच धीर होत तर तिला मामलेदारची मिसळ खायला ने, दुसऱ्या घासाला कपाळावर घाम फुटला की कॅप तूच काढशील.