‘मॅडम, तुमचं शिक्षण जास्त होतं आहे’

नाना, सादर नमस्कार.

मी चोपडा तालुक्यातली, वय 36. 2012 साली आपल्या जळगावच्या विद्यापीठातून ऑरगॅनिक केमिस्ट्रीत एम.एस्सी. केलं. मग नऊ वर्षं पुण्याकडे एका औषध कंपनीच्या क्वालिटी कंट्रोलमध्ये होते. शेवटची दोन वर्षं हाताखाली सहा जण होते, पगार 58 हजार. सासरे वारले. केळीकडे बघायला कुणी नव्हतं, म्हणून आम्ही दोघं गावी परत आलो. मिस्टर पूर्ण वेळ शेती करतात. मुलगा इथल्याच शाळेत तिसरीला आहे.

गेल्या चार महिन्यांत मी तीन ठिकाणी मुलाखती दिल्या. जूनमध्ये जळगाव एमआयडीसीतल्या एका पाइपच्या कारखान्यात लॅब केमिस्टच्या जागेसाठी गेले. ते म्हणाले, “मॅडम, तुमचं शिक्षण जास्त होतं आहे, तुम्हाला इथं कंटाळा येईल.” दुसरी सरकीच्या तेलाची मिल. तिथले शेठ म्हणाले, “आमचा लॅबवाला बारावी सायन्स आहे, तुम्ही त्याच्या हाताखाली कसं काम करणार?” तिसरी पाणी तपासणीची खासगी लॅब. त्यांनी बायोडाटा बघितला आणि मी पगाराचा आकडा सांगायच्या आधीच “तुम्ही आम्हाला परवडणार नाही” म्हणाले. मी कितीही पगारावर काम करायला तयार आहे, तसं तिन्ही ठिकाणी सांगितलंही. जाऊबाई म्हणतात, एम.एस्सी. काढून टाक, नुसतं बी.एस्सी. लिही. तसं करू का? रात्री झोप लागत नाही. एवढं शिकून घरात बसले याचं सासूबाईंना माझ्यापेक्षा जास्त वाईट वाटतं.

— एक वाचक भगिनी, चोपडा

नाना : ताई, मी एमआयडीसीतल्या एका कारखान्यात 27 वर्षं पर्सोनेलला होतो. टेबलाच्या पलीकडच्या खुर्चीत मीच बसायचो. त्यामुळे आधी त्या खुर्चीत काय चालतं ते सांगतो.

2009 साली आमच्याकडे स्टोअरकीपरची जागा निघाली. एक गृहस्थ आले, चाळिशीचे, मेकॅनिकल इंजिनियर. त्यांची कंपनी बंद पडली होती. बायको भुसावळला नोकरीला, त्यामुळे त्यांना इकडंच काम हवं होतं. माणूस शांत होता, विचारलं तेवढंच आणि नीट बोलला. मी त्यांच्या अर्जावर लाल पेनाने ‘ओव्हरक्वालिफाईड’ लिहिलं आणि त्यांना तसं सांगितलं. त्यांनी वाद घातला नाही. म्हणाले, “मग साहेब, अर्ज आणि फोटो परत द्या, पुढं कामाला येतील.” मी दिले.

खरं कारण शिक्षण नव्हतंच. आमचा स्टोअरचा सुपरवायझर दहावी पास होता. स्वभावाने तापट, मालकाच्या मर्जीतला. हे दोघं एका खोलीत बसले की रोज माझ्याकडे तक्रार येणार, एवढंच माझ्या डोक्यात होतं. त्या जागेवर मी नुकताच बी.कॉम. झालेला मुलगा घेतला. पाचव्या महिन्यात एका सकाळी आमचा शिपाई येऊन म्हणाला, “नाना, तो पोऱ्या सुरतले चालना गया.” तेव्हा मला ते इंजिनियर आठवले. पण अर्ज परत दिला होता, फोन नंबर कुठंच नव्हता. मी नावावरून भुसावळला चौकशी केली, सापडले नाहीत. मी त्या माणसाशी चुकीचा वागलो, ही खंत निवृत्तीनंतरही गेलेली नाही. तुमचं पत्र वाचून पुन्हा वर आली.

तेव्हा ताई, ‘शिक्षण जास्त’ हे शब्द जसेच्या तसे घेऊ नका. समोरच्या माणसाला कसली तरी भीती वाटते आणि ती तोंडावर बोलायची नसते, म्हणून तो शिक्षणाचं नाव घेतो. तुमच्या तिन्ही ठिकाणी भीती वेगवेगळी आहे. पाइपवाल्यांना वाटलं, ही बाई तीन महिन्यांत पुण्याला परत जाईल. शेठजींना वाटलं, आपला जुना माणूस दुखावेल. पाणीवाल्यांना 58 हजारांची भीती वाटली. तुम्ही तिघांनाही एकच उत्तर दिलंत, “कितीही द्या.” त्याने एकाचीही भीती जात नाही, उलट वाढते. नऊ वर्षांचा अनुभव असलेली बाई कितीही पगारावर तयार आहे म्हटल्यावर मालकाला वाटतं, एक तर काही भानगड आहे, नाहीतर दुसरं मिळेपर्यंत इथं टेकायचं आहे. मीही असंच समजायचो.

आता जाऊबाईंचा सल्ला. त्यांनी मायेपोटी सांगितलं असेल, पण ऐकू नका. बायोडाटात काय वर घ्यायचं, काय एका ओळीत संपवायचं, हा तुमचा अधिकार आहे. ‘सहा जणांची टीम सांभाळली’ हे पहिल्या पानावरून काढून शेवटी न्या, वर मशिनांची आणि तपासण्यांची नावं लिहा, त्यात खोटं काही नाही. पण छापील फॉर्मवर ‘संपूर्ण शैक्षणिक पात्रता’ असं विचारून खाली सही घेतली असेल, तिथं एम.एस्सी. गाळणं म्हणजे लपवणं. सरकारी किंवा बँकेच्या जागेला तर मुळीच करू नका. एका राष्ट्रीयीकृत बँकेच्या शिपाई पदाच्या जाहिरातीत उमेदवार बारावी पास हवा, पदवीधर नको, अशी अट होती. एकाने पदवी लपवून अर्ज केला, निवडही झाली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि नोव्हेंबर 2020 मध्ये निकाल बँकेच्या बाजूने लागला. माहिती दडवली, हे न्यायालयाने त्याच्या विरोधात धरलं. खासगीत एवढं टोकाला जात नाही, पण तुमचा पीएफचा यूएएन नंबर नव्या नोकरीतही तोच राहतो. आधी कुठं किती वर्षं होतात ते त्यातून कळतं. नऊ वर्षं दडवून दडत नाहीत. आणि दडवलेलं सापडलं की शिक्षणाचा प्रश्न मागे पडतो, सचोटीचा पुढे येतो.

एक बारीक गोष्ट याच ओघात. तुमच्या 2012 च्या पदवीवर ‘उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ’ असं असणार. बहिणाबाईंचं नाव विद्यापीठाला 2018 मध्ये लागलं. बायोडाटात दोन्ही नावं लिहा. बाहेरून आलेले एचआरवाले दोन वेगळी विद्यापीठं समजतात, मी हे बघितलं आहे.

मग बोलायचं काय? त्यांनी विचारायच्या आधी तुम्हीच विषय काढा. बसल्यावर पहिल्या पाच मिनिटांत म्हणा, “साहेब, माझा बायोडाटा या जागेपेक्षा मोठा दिसतो, ते मला माहीत आहे. मी इथं का आले ते सांगते.” आणि मग तुमच्याकडे जे आहे ते सांगा. घरची केळी आहे, मिस्टर त्यात आहेत, मुलगा इथल्या शाळेत आहे, पुण्याचं घर सोडलं आहे. ताई, केळी लावणारं घर उठून कुठं जात नाही, हे जळगावच्या मालकाला समजावून सांगावं लागत नाही. तुमचं सगळ्यात भक्कम उत्तर हेच आहे आणि पत्रावरून वाटतं, तुम्ही ते तिन्ही ठिकाणी सांगितलंच नाहीत. ‘मिस्टर काय करतात’ हा प्रश्न बाईलाच विचारतात, पुरुषाला ‘मिसेस काय करतात’ कुणी विचारत नाही. मला तो कधीच आवडला नाही आणि माझ्या हाताखालच्यांना मी तो विचारू देत नसे. पण विचारलाच तर चिडू नका. “शेती. म्हणूनच आम्ही इथं आहोत,” एवढं म्हणून पुढं जा. चोपड्याहून रोज येणार कशा, तेही विचारतील. कोणती एसटी, किती वाजता, ती चुकली तर काय, हे वेळेसकट तोंडपाठ ठेवा.

पाइपच्या लॅबमध्ये कंटाळ्याचं म्हणाले ना? त्याला उत्तर तुमच्या जुन्या कामात आहे. “औषधाचे नमुने मी नऊ वर्षं एकाच पद्धतीने तपासले. रोज तेच काम करणाऱ्यालाच एखाद्या दिवशीचा फरक दिसतो.” पण हे बोलण्याआधी त्यांचं काम वाचून जा. पीव्हीसी पाइपचं भारतीय मानक आयएस 4985, ठिबकच्या नळ्यांचं आयएस 12786. बीआयएसच्या, म्हणजे भारतीय मानक ब्युरोच्या, संकेतस्थळावर मानकं मोफत मिळतात. रिव्हर्जन टेस्टमध्ये पाइपचा तुकडा 150 अंशांवर तापवतात, लांबीतला फरक 5 टक्क्यांच्या वर जाता कामा नये. इम्पॅक्ट टेस्ट 0 अंशावर होते. केमिस्ट्रीवालीला हे दोन संध्याकाळींचं वाचन आहे. मुलाखतीत एकच प्रश्न विचारा, “रिव्हर्जनला तुम्ही ओव्हन वापरता की ऑइल बाथ?” समोरच्याच्या डोळ्यांसमोर तुम्ही त्याच्या लॅबमध्ये उभ्या राहता. मी शेकड्यांनी माणसं बघितली, पण आमच्या कामाबद्दल असा प्रश्न विचारणारी हाताच्या बोटांवर मोजण्याएवढी.

तेलाच्या मिलमध्ये शेठजींशी बोलून उपयोग नाही, त्या बारावीवाल्या भाऊंशी बोलायला हवं होतं. “मला दहा मिनिटं लॅब बघू द्या” म्हणायचं, आत जायचं आणि त्यांना विचारायचं. ॲसिड व्हॅल्यू, म्हणजे तेलातल्या आम्लाचं प्रमाण, तुम्ही डोळे मिटून काढाल, पण सरकीचं तेल नुसतं वासावर आणि रंगावर ओळखायला त्या माणसाचीच वर्षं लागतात. तुम्हाला ते खरंच शिकायचं असेल तर तसं त्यांना सांगा. मनातून त्यांना कमी लेखत असाल तर ती नोकरी घेऊच नका. ते पहिल्या आठवड्यात ओळखतील, आणि शेठजींची भीती खरी ठरेल.

पाण्याच्या लॅबमध्ये मात्र तुम्ही स्वस्तात जाऊ नका. त्यांना विचारा, एनएबीएलची, म्हणजे प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची, मान्यता आहे का, नसेल तर घ्यायची आहे का? त्या मान्यतेला आयएसओ 17025 या मानकाप्रमाणे नोंदी, मशिनांचं कॅलिब्रेशन, प्रत्येक रीडिंगचा माग ठेवावा लागतो. औषध कंपनीत तुम्ही नऊ वर्षं दुसरं काय केलंत? लहान लॅब यासाठी बाहेरून सल्लागार बोलावतात, पैसे मोजतात. तिथं आकडा सांगताना म्हणा, “या जागेला साधारण काय देता ते मी विचारून आले आहे, त्या हिशेबानेच आले आहे. मान्यतेचं काम माझ्याकडे दिलंत तर वर्षाने पुन्हा बोलू.” एक किमान आकडा घरून ठरवून न्या. एसटीचा पास, मुलाला शाळेतून आणायची सोय, हे वजा जाऊन हातात काही उरलं पाहिजे. त्याच्या खाली आलं तर नमस्कार करून उठायचं.

झोपेचं लिहिलंत. सासूबाईंना वाईट वाटतं ते तुमच्या शिक्षणाची किंमत त्यांना कळते म्हणून. त्यांना हे पत्र वाचून दाखवा.

आणि पाइपवाल्यांकडचा तुमचा बायोडाटा परत आणला नसेल, अशी आशा करतो. जूनमध्ये त्यांनी कुणालातरी घेतलं असेलच. बोनस हातात पडला की माणसं सोडून जातात, दर वर्षी दिवाळीनंतर आमच्या दोन-तीन जागा रिकाम्या व्हायच्या. भाऊबीज झाली की चार दिवसांनी फोन करा. “साहेब, जूनमध्ये आले होते, चोपड्याची, केळीवाली,” असं सांगा.