बडोद्यात एम.ए. करताना रहस्यकथा लिहायला कसं शिकावं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: महाराजा सयाजीराव विद्यापीठात मराठीचं एम.ए. चालू आहे, लिहायच्या आहेत रहस्यकथा आणि जमल्यास विज्ञानकथा, वर्गात मात्र समीक्षाच होते. मग ही दोन वर्षं लेखनाच्या दृष्टीने उपयोगाची आहेत का?

आहेत. फक्त विद्यापीठाकडे काय मागायचं ते आधी ठरवा. अमेरिकेत आयोवा विद्यापीठाची लेखन कार्यशाळा १९३६पासून चालते, आणि विज्ञानकथा लिहिणाऱ्यांसाठी १९६८मध्ये सुरू झालेली क्लॅरियन कार्यशाळा सहा आठवड्यांची असते. दोन्हींचा कणा एकच: ठरलेल्या तारखेला कथा द्यायची आणि बरोबरीच्या लोकांनी ती बारकाईने वाचायची. तारीख, वाचक, ग्रंथालय आणि शेजारच्या विभागांतली जाणती माणसं या चार गोष्टी तुमच्या हाताशी आहेत.

सुरुवात रहस्यकथेपासून करा, विज्ञानकथा नंतर. रहस्यकथेत चूक लपत नाही. दुवा तुटला की वाचकाला तो कुठे तुटला हेही सांगता येतं.

पहिले दोन महिने लिहू नका, कथा उसवा. विद्यापीठाचं हंसा मेहता ग्रंथालय आहेच, शिवाय मांडवीजवळची सेंट्रल लायब्ररी आहे. सयाजीरावांनी १९१०मध्ये ग्रंथपाल बोर्डन यांना अमेरिकेतून बोलावून राज्यातल्या ग्रंथालयांची घडी बसवली, ती तिथूनच. तीन-चार हजार शब्दांच्या दहा रहस्यकथा निवडा. प्रत्येकीचे प्रसंग क्रमांक देऊन वहीत उतरवा आणि पुढे पाच रकाने आखा: जागा व वेळ, कोण हजर, वाचकाला नवं काय कळलं, वाचकाची कोणती चुकीची समजूत झाली, आणि प्रसंगाचे शब्द किती. बहुतेक जण तिसऱ्या रकान्यावर थांबतात आणि मग त्यांच्या हाती नुसतं कथानक उरतं. कला चौथ्या रकान्यात आहे. पाचवा रकाना भरला की उलगड्याला लेखकाने किती जागा ठेवली तेही दिसतं. नवोदितांचा उलगडा एका पानात उरकलेला असतो, कारण शब्दमर्यादा सुरुवातीच्या वर्णनातच संपलेली असते.

लिहायला बसलात की शेवटाकडून या. प्रत्यक्षात काय घडलं ते गुन्हेगाराच्या बाजूने, अर्ध्या अर्ध्या तासाच्या टप्प्यांनी एका पानावर मांडा. दुसऱ्या पानावर तपास करणाऱ्याला काय कोणत्या क्रमाने कळतं ते लिहा. मगच पहिलं वाक्य. चार हजार शब्दांत संशयित तीन, फार तर चार. नावांची पहिली अक्षरं वेगवेगळी हवीत. सुरेश, सुनील आणि सुधीर एका कथेत आले की वाचक मागची पानं चाळत बसतो.

मुख्य धागा, म्हणजे गुन्हेगाराकडे नेणारी खूण, किमान दोनदा दिसायला हवा. पहिल्यांदा तो चार-पाच वस्तूंच्या यादीत मध्ये ठेवा, शेवटी नको, कारण शेवटची वस्तू लक्षात राहते. आणि त्यानंतर लगेच भांडण, फोन, दाराची घंटा असं लक्ष वेधणारं काही घडू द्या. इंग्रज रहस्यकथाकार रोनाल्ड नॉक्स यांनी १९२९मध्ये रहस्यकथेचे दहा नियम सांगितले. त्यातला, तपास करणाऱ्याला सापडलेला धागा वाचकालाही लगेच दिसला पाहिजे, हा नियम आजही पाळावाच. तो मोडलात तर उलगडा कितीही चतुर असला तरी वाचकाला फसवल्यासारखं वाटतं.

आता मराठीचा खास प्रश्न. तो परक्या भाषेतल्या लेखनपुस्तिकांत सापडणार नाही. आपलं क्रियापद लिंग सांगून टाकतं. ‘अंधारात कोणीतरी आला’ म्हटलं की निम्मे संशयित सुटले. वाटा आहेत. ‘कोणीतरी आत आलं’ हे नपुंसकलिंगी रूप चालतं. सकर्मक क्रियापदाचा भूतकाळ कर्माप्रमाणे बदलतो, म्हणून ‘कोणीतरी दार उघडलं’मध्ये कर्त्याचं लिंग कळत नाही. निवेदन प्रथमपुरुषी असेल तर ‘मी घाबरलो’ किंवा ‘घाबरले’ऐवजी ‘मला भीती वाटली’. भविष्यकाळही मदतीला येतो. ‘उद्या येईन. पैसे तयार ठेव.’ ही चिठ्ठी बाईची की पुरुषाची ते सांगता येत नाही, पण ‘ठेव’मुळे एवढं कळतं की लिहिणारं माणूस समोरच्याला अरे-तुरे करतं. म्हणजे एक गोष्ट झाकली आणि एक उघडी ठेवली. अशी रूपं फक्त गुन्हेगाराच्या प्रसंगात वापरलीत तर चाणाक्ष वाचक तिथेच थांबेल. पहिल्या पानापासून निष्पाप पात्रांसाठीही ती वापरा.

जागा बडोद्याचीच घ्या. जुन्या शहरातली पोळ (एका वेशीच्या आतली गल्लीवजा वस्ती), विश्वामित्रीच्या पुराने दोन दिवस तुटलेली सोसायटी, या बंदिस्त जागा आयत्या मिळतात. नदीत मगरी आहेत आणि पुरात त्या वस्तीत शिरतात, तेव्हा ‘कोणी बाहेर का पडलं नाही’ याला वेगळं कारण शोधावं लागत नाही. उलट मुंबईच्या कथेतून उचललेला व्हिस्कीचा विषारी पेला इथे जसाच्या तसा चालणार नाही. गुजरातेत दारूबंदी आहे. बाटली परवान्यावरची की चोरून आणलेली, आणणारा कोण, हे पोलीस आधी विचारतील. तो प्रश्न टाळलात तर कथा खोटी वाटेल, वापरलात तर दुसरा धागा मिळेल.

कायद्याच्या चुका आता फार दिसतात. १ जुलै २०२४पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. त्या तारखेनंतरच्या खुनाला कलम ३०२ लावू नका, शिक्षेचं कलम १०३ आहे. ठाण्यात पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध पुरावा होत नाही (भारतीय साक्ष्य अधिनियम, कलम २३). मात्र त्या माहितीवरून एखादी वस्तू सापडली, तर तेवढा भाग ग्राह्य धरता येतो. म्हणून गुन्हेगार कोसळला, बोलला आणि कथा संपली हा शेवट कच्चा आहे. सुरी कुठे टाकली ते त्याने सांगावं आणि ती तिथे मिळावी. मृत्यूची वेळ निव्वळ शरीराच्या ताठरपणावरून मिनिटाच्या हिशेबात सांगू नका. उन्हाळ्यात तो लवकर येतो आणि लवकर जातो, डॉक्टर काही तासांचा पट्टाच देतात. विद्यापीठाच्या विधी शाखेत आणि वैद्यकीय महाविद्यालयात जाऊन विचारा. जाताना ‘खुनाबद्दल सांगा’ असं नको, पाच नेमके प्रश्न कागदावर न्या.

गट सहा जणांचा पुरे. पंधरवड्याला एक बैठक, एका वेळी दोन कथा, प्रत्येकी चार हजार शब्दांच्या आत, चार दिवस आधी वाटलेल्या. चर्चा चालू असताना लेखकाने वीस मिनिटं गप्प राहायचं. हे सगळ्यात अवघड जातं, पण लेखक खुलासा करू लागला की पानावर काय नाही ते त्याला कधीच कळत नाही. कथेचा शेवटचा चतुर्थांश वाटू नका. प्रत्येकाकडून चिठ्ठीवर गुन्हेगाराचं नाव आणि कारण लिहून घ्या. पाचही जणांनी ओळखला तर धागा भडक आहे. एकानेही ओळखला नाही आणि शेवट वाचल्यावरही मागचा धागा कोणाला आठवला नाही, तर तो पुरलाच गेलाय. एक-दोघांनी योग्य कारणासह ओळखला की कथा जागेवर आली. नाव बरोबर पण कारण भलतंच असेल तर ते यश धरू नका.

कथा निनावी वाटा. जयंत नारळीकरांनी १९७४मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला पहिली विज्ञानकथा नारायण विनायक जगताप या नावाने पाठवली होती, कारण निर्णय कथेवर व्हावा, नावावर नको. मित्रांच्या गटात ही काळजी जास्तच घ्यावी लागते.

विज्ञानकथेकडे वळाल तेव्हा जगात एकच गोष्ट बदला आणि तिचे परिणाम तीन पायऱ्या खाली न्या: माणसावर, घरावर, गावावर. दोन कल्पना सुचल्या तर दोन कथा लिहा. शास्त्रीय खुलासा सलग शंभर शब्दांच्या पुढे गेला की वाचक गळतो. तो दोन पात्रांच्या वादात वाटून द्या.

लघुप्रबंध असेल तर रहस्यकथेच्या रचनेवरच विषय मागून पाहा. पाच रकान्यांची वही तेव्हा आयती कामाला येईल. आणि कथा दिवाळी अंकाकडे पाठवायची तर युनिकोडमध्ये टंकलेली, शब्दसंख्या लिहिलेली, जूनच्या आत पाठवा. गणपतीच्या सुमारास पोचलेल्या कथेला बहुधा पुढच्या वर्षापर्यंत थांबावं लागतं.